मार्क गेले त्या गावाला

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या ऑफिसात. तेव्हा ते माझे घरमालक झाले नव्हते. मी नातेपुत्याहून सोलापुरात नोकरीला आलेली, भूगोल शिकवणारी नवी बाई. पाचवीचा एक वर्ग माझ्याकडे दिलेला. ऑफिसच्या खिडकीपाशी एक उंच, सावळा माणूस उभा होता, खांद्यावर टॉवेल टाकलेला, आणि आमचे कारकून त्याला अक्षरशः विनवत होते.

"अहो, ताप लिहितो. नुसता ताप. काही बिघडत नाही."

"पन ताप न्हाई की हो कुणाला. ती बघा दोघंबी तितं. पेरू खायलेत."

"मग सर्दी?"

"सर्दीबी न्हाई."

"मग रजेचं कारण लिहू तरी काय?"

"फिराय नेतोय, असं लिवा."

"असं कारण नसतं हो काका."

"नसतं कसं? हाय म्हणून तर आलोय."

कारकुनांनी माझ्याकडं पाहिलं. पेरू खाणारी ती दोघं, ओंकार आणि त्याची बहीण श्रावणी, माझ्याच वर्गातली होती. मी नवीन होते, म्हणून म्हटलं, "कुठं नेताय?" त्या माणसाचा चेहरा असा खुलला की जणू इतक्या वर्षांत शाळेत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. पुढची दहा मिनिटं तो मला कऱ्हाडबद्दल सांगत राहिला. जाता जाता म्हणाला, "बाई, खोली बघताय म्हणं? आमची माडी मोकळी हाय."

अशी मी शेळगीत त्यांच्या माडीवर राहायला गेले.

काकांचा मंडपाचा धंदा. खालच्या गोदामात खांब, ताडपत्र्या, गाद्या, लोड, आणि एक जुना लाउडस्पीकर. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि कधी येईल त्याचा नेम नसतो. आमच्या गल्लीला ती काळजी नव्हती. पाणी आलं की काका माइक लावायचे. "हॅलो, हॅलो. पाणी आलेलं हाय. माडीवरच्या बाई, तुमची बादली खालीच हाय." एकदा मी केस धुवत होते आणि पाणी मध्येच गेलं, तर तेही गल्लीला माइकवरून कळलं.

कुठल्याही मोकळ्या जागेत उभे राहिले की ते आधी वर बघायचे. आभाळ नाही बघायचे, कापड बघायचे. "हितं बारा खांबात काम हुईल," असं पुटपुटायचे. मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे, त्यामुळं बोलण्यात मध्येच कानडी यायचं. कामगार दोर जास्त आवळायला लागला, पाहुणा जेवताना लाजायला लागला, मुलं भांडायला लागली, की एकच शब्द: "साकु." म्हणजे पुरे. त्या घरात हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी होता.

शाळा चालू असताना मुलांना बाहेर काढण्यामागचं त्यांचं गणित सरळ होतं. शाळेला सुट्टी पडते तेव्हा लग्नसराई असते, आणि लग्नं थांबतात तेव्हा शाळा भरलेली असते. गणपतीचे मंडप उतरले की नवरात्राचे चढेपर्यंत मध्ये पितृपंधरवडा येतो. त्या दिवसांत, आणि पुढं लग्नं नसलेल्या पौषातही, मंडपवाल्याला कुणी विचारत नाही. मग हेच त्यांचे सहलीचे दिवस. शेजारच्या आजी दर वर्षी न चुकता म्हणायच्या, "पितरांच्या दिवसांत कोण प्रवासाला निघतं रं?" काका म्हणायचे, "आमचे पितरबी संगं येतेत, आजी. टेम्पोत लई जागा हाय."

टेम्पो म्हणजे मंडपाचाच. मागं गाद्या आणि लोड टाकलेले, वर ताडपत्री. काकू कडक भाकरीचं गाठोडं, शेंगा चटणी आणि स्टोव्ह घेऊन बसायच्या. मुलं लोडाला टेकून मागं पळणारा रस्ता बघायची. कुठं ओढ्याकाठी थांबले तर काका चार खांब ठोकून सावली करायचे. एकदा म्हणे कुठल्याशा गावच्या लोकांना वाटलं, पुढारी येणार आहे. बरीच माणसं जमली. काकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि पुढं निघाले.

पण खरी गंमत पुढं आहे. जायचं कुठं, हे मुलांच्या पेपरावरून ठरायचं.

चाचणीचे पेपर तपासून घरी दिले की काका ते जेवणाच्या पाटावर पसरून बसायचे. बरोबर उत्तरांकडं ढुंकूनही बघायचे नाहीत. चूक शोधायचे. श्रावणीनं पाचवीत लिहिलं होतं की कृष्णा आणि कोयना सांगलीला मिळतात. मी लाल रेघ मारली, आणि पुढच्या आठवड्यात ते सगळं कुटुंब कऱ्हाडच्या संगमावर उभं होतं. ओंकारनं लिहिलं, महाराष्ट्रात मीठ डोंगरात खणून काढतात. त्याला कोकणात मिठागरावर नेलं. "मार्क गेले तितं जायाचं," काका म्हणायचे. "मार्क मिळाले तितं जाऊन काय करायचं? ते तर येतंयच की."

मी एकदा विचारलं, "आणि काका, गणितात चुकलं तर?"

"तर शिकवणी. तितं टेम्पो जात न्हाई."

माझी मात्र पंचाईत झाली. पेपर तपासताना हात अडायचा. एका बाजूनं मी यांच्या सहली आखत होते आणि दुसऱ्या बाजूनं वर्गशिक्षिका म्हणून त्याच गैरहजरीबद्दल ओरडत होते.

सातवीत श्रावणीचा एक पेपर माझ्या हाती आला. पोरगी वर्गात पहिली-दुसरी येणारी. त्या पेपरात तिचं सगळं बरोबर होतं, फक्त समुद्राचं तेवढं चुकलेलं. बंदरं चुकली, दीपगृह चुकलं, आणि 'खारफुटीची वने कोठे आढळतात?' या प्रश्नाला उत्तर होतं, 'मंद्रूप येथे.' म्हणजे आमच्या सोलापूरशेजारच्या कोरड्या गावात.

मी लाल रेघा मारल्या आणि पेपर घरी दिला. काकांनी पेपर पाटावर पसरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बरं." रविवारी सकाळी खालून माइकवर आवाज आला. "बाई, खारफुटी बघाय निघालोय. येताय का?"

मी गेले. श्रावणीनं समुद्रावर घालायचा फ्रॉक बरोबर घेतला होता. टेम्पो विजापूर रोडला लागला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिली शंका आली. अर्ध्या तासानं आम्ही मंद्रूपच्या बाजारात उभे होतो. कडक ऊन, मिरच्यांचे ढीग, बैलांच्या घंटा.

काका एका मिरचीवाल्या म्हातारीपुढं उकिडवे बसले. अगदी गंभीरपणे विचारलं, "मावशी, हितं खारफुटी कुटं हाय?"

"खारीक व्हय? त्या कोपऱ्याला बघा."

"खारीक न्हाई. खारफुटी. वन असतंय त्याचं."

शेजारचा भाजीवाला म्हणाला, "मागच्या बाजारी आलती. आता संपली." आणखी एकानं टाच पुढं करून दाखवली. "ही अशी फुटल्यावर लावतेत, ती का? दवाखान्यात मिळंल." काका प्रत्येकाला 'बरं' म्हणत होते आणि पुढच्याला विचारत होते. ओंकार हसून हसून लोडावर आडवा झाला होता. श्रावणी बापाच्या मागं मागं, उन्हानं लाल होत. शेवटी कापडाच्या दुकानापुढं ती थांबली.

"पप्पा, मला उत्तर येत हुतं."

"मला ठावं हाय."

"मग हितं कशाला आणलं?"

"तूच लिवलंस की मंद्रूप." मग ते खाली वाकले. "पोरी, समुद्राला जायचंय तर तोंडानं सांग. त्या पेपराला कशाला खोटं बोलाय लावतीस?"

त्यांनी तिला गरम भजी घेऊन दिली. सगळ्यांनी भजी खाल्ली आणि दुपारपर्यंत आम्ही घरी आलो. समुद्र तिला त्याच पितृपंधरवड्यात मिळाला.

हे खोटं न बोलण्याचं वेड मला आधी नुसता हट्टीपणा वाटायचा. बाकीचे पालक काय करत नव्हते? तिरुपतीला जाऊन आलेलं मूल, गोटा केलेलं डोकं घेऊन 'गोवर' म्हणून वर्गात येऊन बसायचं. आम्ही शिक्षकही हसून सोडून द्यायचो. मग यांनाच काय अडचण?

ते मला काकूंनी सांगितलं. आम्ही दोघी गच्चीवर शेंगा फोडत बसलो होतो.

"ओंकार खरं तर श्रावणीच्या पुढच्या वर्गात पायजे," त्या म्हणाल्या. "दुसरीत असताना त्याच्या मांडीच्या हाडाचं दुखणं निघालं. वरीसभर पडून हुता. पाय बांधलेला. दवाखान्यात पंखा अन् छत, घरी पंखा अन् छत. दाखले इतके झाले की शाळाच म्हणाली, आता आणू नका."

"मग?"

"मग बरा झाला. ज्या दिवशी पट्टी सुटली, त्या दिवशी ह्यांनी त्याला खांद्यावर घेतलं अन् यष्टी स्टँडवर नेलं. गाड्यांच्या पाट्या वाचून दावल्या. लातूर, गाणगापूर, कोल्हापूर. पोरगं म्हणालं, पप्पा, ह्या सगळ्या गावांत खरंच माणसं ऱ्हातेत का?" काकू शेंग हातात धरून थांबल्या. "तवापासनं हे असं हाय. आता लोक म्हणतेत ताप लिवा, काय हुतंय. ह्यांच्या अंगावर काटा येतो. पोरांच्या नावाम्होरं ते 'आजारी' लिवू देत न्हाईत कुणाला."

मी त्यानंतर त्यांना कधी 'ताप लिहा' म्हटलं नाही.

मुलं नववीत गेली आणि आमच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले. बाहेरगावचे, शिस्तीचे, कपाळाला कायम आठी. त्यांनी नियम काढला की जो चाचणीला गैरहजर, त्यानं वैद्यकीय दाखला आणायचा, नाहीतर शून्य. आणि दहावीच्या तुकड्या नववीच्या गुणांवर पाडायच्या. श्रावणीला 'अ' तुकडी हवी होती. तिच्या मैत्रिणी सगळ्या तिकडंच जाणार होत्या.

त्या वर्षी चाचणी नेमकी पितृपंधरवड्यात आली. मी काकांना आधी सांगितलं. ते म्हणाले, "पुन्ना घेतील की. पोरं कुटं पळून चाललीत?" आणि गेले. परत आले तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. नववीतही त्यांची वर्गशिक्षिका मीच, म्हणून मीही उभी होते.

"दाखला आणा," सर म्हणाले.

"कशाचा? पोरं ठणठणीत हायत."

"मग दोघांना शून्य."

"आज पेपर घ्या की त्यांचा. आत्ता घ्या."

सरांनी डोक्याला हात लावला. मला तेव्हा स्पष्ट दिसलं की या माणसाला शून्य द्यायचं नव्हतं. दाखल्याचा एक कागद समोर आला असता, तर त्यांनी न वाचता सही केली असती. "अहो, कुठल्याही डॉक्टरकडनं दोन ओळी आणा. मी विचारणार नाही."

"तुमी इच्यारणार न्हाई, पन मला ठावं असंल की."

"आणि शाळा बुडवली त्याचं काय?"

"ती मी बुडवली. पोरांनी न्हाई. शिक्षा मला करा."

"मग तुम्हीच येऊन बसा वर्गात!" सर ओरडले. "जितके दिवस बुडवलेत तितके!"

काकांनी क्षणभर विचार केला. "डबा आणाय लागंल का?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला ते मुलांच्या रांगेत सर्वांत शेवटी उभे होते. धुतलेला पांढरा शर्ट, केसांना तेल. वर्गात शेवटच्या बाकावर त्यांचे गुडघे मावेनात, म्हणून ते तिरके बसले. माझ्या तासाला मी फळ्याकडं तोंड करूनच जास्त वेळ शिकवलं, कारण वळले की हसू यायचं. त्यांनी हात वर केला.

"बाई, हे सगळं पाठ कराय लागतंय?"

"हो."

"अरारा," ते म्हणाले आणि लिहायला लागले.

मराठीच्या तासाला त्यांना झोप लागली आणि घोरल्याबद्दल उभं केलं. मधल्या सुट्टीत त्यांनी आख्ख्या वर्गाला पेरू वाटले. गृहपाठ केला, त्यात अक्षरावरून बोलणी खाल्ली. मुलं त्यांच्यावर खूश. दुसऱ्या तुकड्यांतली पोरं खिडकीतून डोकावायला यायची. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाता-येता पाहायचे आणि पुढं जायचे.

फक्त श्रावणी मान वर करत नव्हती. पहिल्या दिवशी तिचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत मुलींच्या खोलीतून बाहेरच आली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जिन्यावर होते, तेव्हा गोदामाच्या दारातून तिचा आवाज ऐकू आला.

"पप्पा, उद्या येऊ नका."

"अजून दिवस हायत की, पोरी. कबूल केलंय."

"मला शून्य चालंल. पन तुमी येऊ नका. सगळी हसायलेत." ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "अन् मला आता कुटं न्यायचंबी न्हाई. मला हितं ऱ्हाऊन पेपर द्यायचाय. सगळ्यांसारखा."

काका दोराचं वेटोळं करत होते. ते तसंच हातात धरून उभे राहिले.

"साकु?" त्यांनी हळूच विचारलं.

"साकु," ती म्हणाली, आणि रडत आत गेली.

सकाळी काका शाळेत आले, पण वर्गात आले नाहीत. मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहून म्हणाले, "सर, पोरगी नगं म्हणतीया. माझी शिक्षा दुसरी कायतरी द्या." सरांनी पुढ्यातले कागद बाजूला सारले. मग मला म्हणाले, "दोघांचा पेपर घ्या. मी स्वतः काढतो." पेपर त्यांनी चांगलाच अवघड काढला. श्रावणीनं तो सोडवला. ओंकार पास झाला. दहावीला तिला 'अ' तुकडी मिळाली.

त्या वर्षी पौषात सहल निघाली नाही. काका रागावले नव्हते, कुणाला टोचून बोलले नाहीत. पाणी आल्याचं माइकवर सांगत होते, मंडप चढवत-उतरवत होते. पण एका दुपारी मी शाळेतून आले तर टेम्पो गल्लीत उभा, आणि मागं गादीवर लोडाला टेकून काका एकटेच बसलेले.

"कुठं निघालात?"

"कुटं न्हाई. बसलोय."

दहावीचं वर्ष. पुन्हा पितृपंधरवडा आला, पुन्हा चाचणी. मुलं राहणार हे ठरलेलंच होतं. जेवताना ओंकार म्हणाला, "पप्पा, तुमी जा की. आईला घेऊन. आमी बाईंकडं जेवू."

"दोघंच?" काका दचकले. "दोघं जाऊन काय करायचं?"

आतून काकूंचा आवाज आला. "काय करायचं ते मी सांगते. मी सैपाक करणार न्हाई."

"पन जायाचं कुटं? ह्या टायमाला कुणाचं कायच चुकलं न्हाई."

काकू हात पुसत बाहेर आल्या. "मला इच्यारा की. मला समुद्र बघायचाय."

"समुद्र बघून झालाय आपला!"

"तुमचा झालाय. मी काठावर चपला राखत बसले हुते."

मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. काका घास हातात धरून बसले होते. आपल्या घरातलं एक अख्खं माणूस मोजायचंच राहून गेलं, असा त्यांचा चेहरा झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेम्पो काढलाच नाही. यष्टीची दोन तिकिटं काढली, आणि काकू नवी साडी नेसून खिडकीशी बसल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलं माझ्याकडं खिचडी खात होती, तेव्हा फोन आला. श्रावणीनं स्पीकरवर टाकला. आधी नुसता वाऱ्याचा आवाज, मग काका, ओरडून बोलत. "पोरी, तुझी आई पाण्यात शिरलीया! भाईरच येईना झालीया!" मग लांबून काकू: "आगं, पायाखालची वाळूच पळती की गं! धरा, धरा मला!" आणि हसू. मोठ्यानं, थांबून थांबून, पुन्हा मोठ्यानं. फोन कट झाला तरी श्रावणी त्याच्याकडं बघत होती.

"आईला इतकं हसाय येतंय?" तिनं ओंकारला विचारलं.

ओंकारनं खांदे उडवले. ती ताटातला भात चिवडत राहिली. मग उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. मी तिचं ताट झाकून ठेवलं.

परत आल्यावर काका शाळेत आले. मी हजेरीवर सही घ्यायला मुख्याध्यापकांच्या खोलीत होते. काका दारात उभे राहिले. नाकाचं कातडं उन्हानं सोललेलं.

"सर, सांगाय आलोय. आठवडाभर फिराय गेलतो."

सर गोंधळले. "पण मुलं तर इथंच होती. पेपर दिले त्यांनी."

"व्हय, पोरं हितंच हुती. आमी दोघंच गेलतो."

"मग ते मला कशाला सांगताय?"

काकांनी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "आता कुणाला तरी सांगाय पायजे की, सर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोरच्या खुर्चीकडं हात केला. "बसा. कुठं गेला होतात?"

मी वही उचलून बाहेर आले. माझा तास झाला, पुढचा झाला. सरांच्या खोलीचं दार बंदच होतं आणि आतून काकांचा वरच्या पट्टीतला आवाज येत होता. मध्येच आमच्या मुख्याध्यापकांचं हसणं ऐकू आलं, जे शाळेत कुणीच आधी ऐकलं नव्हतं. शिपाई दोन चहा घेऊन आत गेला. थोड्या वेळानं आणखी दोन.